इनासचा पंप

मशीन मेलेलं असलं तर मला आवडतं. मेलेलं मशीन खोटं बोलत नाही. पॉवर सप्लाय जळाला, बोर्ड गेला, नवा घातला, विषय संपला. पण ‘तसं चालतं हो, फक्त मधेच आपोआप रीस्टार्ट होतं’ असं म्हणत गिऱ्हाईक दुकानात शिरलं की माझं डोकं उठतं. कारण तेच मशीन माझ्या टेबलावर ठेवलं की पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाण्यासारखं वागतं, आणि घरी गेलं की पुन्हा त्याच्या लीला सुरू.

नेल्सनचं मशीन याच जातीचं होतं. ही २००५ सालची गोष्ट. माझं दुकान तुळिंजला, भाजीबाजाराच्या तोंडाशी. नेल्सन आगाशीजवळच्या एका वाडीतला. मालाडला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायचा आणि सकाळी घरी येऊन, झोपायचं सोडून, गेम खेळायचा. पगार साठवून साठवून त्याने ते मशीन बनवून घेतलं होतं. ग्राफिक्स कार्ड असं दांडगं की त्याला स्वतःचा वेगळा पंखा, आणि कॅबिनेटला निळे दिवे. केबलवाल्याच्या नेटवर गावातल्या पोरांची टीम करून तो बंदुकांचे गेम खेळायचा, आणि ऐन लढाईत स्क्रीन काळी व्हायची.

“टीम मला शिव्या घालते, जितेशदादा,” तो म्हणाला. “हरायला लागला की नेल्सन स्विच काढतो म्हणतात.”

मी रॅम काढून पुसली, मग बदलली. पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहिला. प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली, विंडोज नव्याने टाकलं, त्याचाच गेम लावून मशीन दिवसभर तापवलं. एकदासुद्धा बंद पडलं नाही. नेल्सन चादरीत गुंडाळून ते स्कूटरवरून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा. मी खाऱ्या हवेला दोष दिला, केबलवाल्याला दोष दिला, एकदा तर नेल्सनच्या बसण्यालाही दिला. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी मीच वैतागलो.

“चल, तुझ्या घरीच येऊन बसतो,” मी म्हटलं. “बघू माझ्यासमोर कसं होतं ते.”

घर छान होतं. पुढे ओटा, मागे केळीची बाग, आणि अंगण मधोमध कापत गेलेली पत्र्याची उभी भिंत. पत्र्यापलीकडे तसंच दुसरं घर, पण पत्रा इतका उंच की त्या घराची नुसती कौलं दिसायची. आम्ही मूळचे राजापूरकडचे. असा पत्रा दिसला की आम्हाला काही विचारावं लागत नाही. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

नेल्सनची आई, आग्नेस आंटी, चहाबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन आली. आगाशीची सुकेळी मी ऐकून होतो, खाल्ली पहिल्यांदाच. चांगली आहेत म्हटलं तर ती म्हणाली, “ही बाजारातली. पूर्वी घरची असायची, ती खायला पायजे होती तुमी.” आणि तिने उगाच खिडकीतून पत्र्याकडे पाहिलं.

नेल्सन गेम लावून बसला. त्याच्या मागे आरामखुर्ची होती, आणि तीत त्याचे वडील व्हिक्टर अंकल. मुंबईत फोर्टला एका ऑफिसात कारकून होते, आता रिटायर. त्यांना ऐकू फार कमी यायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते कानापेक्षा खिशात जास्त असायचं. म्हातारा माणूस, हातात जपमाळ, आणि नजर स्क्रीनवरच्या धडाधड मरणाऱ्या सैनिकांवर. मला गंमत वाटली.

“अंकलना पण गेमचा नाद आहे वाटतं?”

“डॅडींना काय कळतंय त्यातलं?” नेल्सन म्हणाला. “पण रोज बसतात. मी मशीन चालू केलं की खुर्ची ओढलीच.”

मी मुद्दामच स्क्रीनकडे पाहत नव्हतो, खोलीकडे पाहत होतो. बऱ्याच वेळाने नेल्सन ओरडला. स्क्रीन काळी झाली होती. पण त्याच क्षणी मला आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. वरचा पंखा जरासा अडखळला होता आणि भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीखालचा लाल दिवा मिचकला होता. आणि पत्र्यापलीकडून आवाज आला होता, घुर्रर्र. मी वाट पाहत बसलो. पाण्याचा पंप बराच वेळ चालून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा घुर्रर्र झालं, आणि पुन्हा स्क्रीन काळी.

“सापडलं!” मी टाळीच वाजवली. “पंप! अरे, पंप आहे तो!”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इतके दिवस मी मशीनचं पोट फाडत होतो आणि दुखणं विहिरीवर होतं. मोटर सुरू होताना एक मोठा घोट घेते, त्या क्षणापुरती बाकीच्यांना वीज कमी पडते. पंखा, दिवे तो क्षण निभावून नेतात. पण गेम चालू असताना नेल्सनचं कार्ड इतकं खातं की मशीनला तेवढंही सोसत नव्हतं. माझ्या दुकानाजवळ विहीर नव्हती, म्हणून तिथे ते शहाणं होतं.

“शेजारी कोण राहतो?” मी विचारलं. “त्याला म्हणावं वेगळी लाईन घे.”

नेल्सनने आईकडे पाहिलं. मग आग्नेस आंटी म्हणाली, “शेजारी नाय तो. यांचा थोरला भाव. इनास.”

मग तिने सांगितलं. वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, झाडं वाटली, अंगणात पत्रा उभा राहिला. विजेची तार आणि विहीर तेवढी एकच राहिली. पंप इनासच्या बाजूला. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत अशी की पाण्याची पहिली बारी थोरल्याची. मग पंप थांबवायचा, पाइपाची झडप फिरवायची, आणि दुसरी बारी धाकट्याच्या केळींना द्यायची. इनासची बायको मटिल्डा वारली होती, मुलगी हेलन कुवेतला होती, म्हातारा एकटाच होता. भावाशी बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं लोटली होती.

“पन पानी कदी चुकवलं नाय त्याने,” आंटी म्हणाली. “ताप असू दे, पाऊस लांबू दे. आमची बारी आमाला.”

मी म्हटलं, भांडणाशी आपल्याला काय करायचंय, एक दणकट यूपीएस लावू, मग पंप सुरू होवो नाहीतर विमान, मशीन हलणार नाही. नेल्सनने मला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

मी निघालो तर व्हिक्टर अंकल स्कूटरपर्यंत मागोमाग आले. खिशातलं यंत्र काढून त्यांनी कानात घातलं, म्हणजे बोलायचं होतं.

“जितेश, ते यूपीएस लावू नको.”

“का?”

“ते लावलं की मशीन बंद पडणार नाही ना?”

“त्यासाठीच तर लावायचं.”

“मग मला कसं कळणार?” ते म्हणाले. “पंपाचा आवाज मला ऐकू येत नाही. आधी मी येशूचा लाल दिवा बघत बसायचो. पण तो नुसता मिचकतो, आणि माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदू. नेल्सनचं मशीन आलं तेव्हापासून बरं झालं. सगळा पडदाच काळा होतो, पोरगा बोंबलतो. पहिल्यांदा काळा झाला की समजायचं, इनास उठला. दुसऱ्यांदा झाला की समजायचं, चालतोय, फिरतोय, हातपाय धड आहेत. मग मी जेवायला उठतो.”

मग मी नको ते विचारलं, की भांडण कशाचं. जमिनीचं असेल असं मी धरूनच चाललो होतो.

“लुगड्याचं,” ते म्हणाले.

त्यांची आई जन्मभर इथलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसली. ती गेली तेव्हा अंकल नोकरीत होते. मातीला ऑफिसातले लोक येणार होते, साहेबसुद्धा येतो म्हणाले होते. अंकलनी शवपेटीतल्या आईसाठी बाजारातून पांढरी साडी आणली. इनास म्हणाला, आईने आयुष्यात साडीला हात लावला नाही, तिला तिचं लुगडं नेसव. अंकल म्हणाले, लोक काय म्हणतील. आणि त्यांनी साडीच नेसवायला लावली.

“पेटी बंद करताना तो मला म्हणाला, व्हिक्टर, तुला आयेची लाज वाटली.” अंकल पत्र्याकडे बघत होते. “त्याच्यावरनं मी त्याला नाही नाही ते बोललो. वाटणी मागितली. पण खरं सांगू? वाटलीच होती लाज. आणि साहेब काय आलेच नाहीत.”

“मग हे जाऊन त्याला सांगा ना, अंकल! पत्र्याच्या पलीकडे तर आहे माणूस.”

“सांगणार आहे. यंदा नाताळला जातो. फराळाचं ताट घेऊन.”

ओट्यावर आग्नेस आंटी उभी होती. तिने मला नुसती मान हलवून दाखवली. मला कळलं की हे ‘यंदा’ दरसालचं आहे.

मला म्हाताऱ्याचा राग आला. हातभर अंतरावर भाऊ, आणि हा त्याची खुशाली कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतो. माझाही एक चुलता गावी आहे, तो मेला तरी आमच्या घरातलं कुणी त्याचं तोंड बघायला जाणार नाही. तरी माझं मन यूपीएस लावायला होईना. नेल्सनला मी थाप मारली की या कार्डाला साधा यूपीएस चालत नाही, मागवावा लागेल. तो फोन करायचा, मी पुढची तारीख द्यायचो. मधे नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, अंकल आईच्या थडग्यावर फुलं घालायला गेले तेव्हा तिथे आधीच मेणबत्ती जळत होती. हे मला आंटीने फोनवर सांगितलं. इनास पहाटेच येऊन गेला होता. एक भाऊ पहाटे, दुसरा सकाळी, असं दरवर्षी चालायचं म्हणे.

डिसेंबरात नेल्सनचा धीर संपला. वसईला गेमची स्पर्धा होती, सरावाला दिवस थोडे होते. “उद्या आणला नाहीस तर मी दुसरीकडून घेतो,” म्हणाला. मग काय, मी खोका स्कूटरला बांधला आणि गेलो.

दारावर कागदी तारा लागला होता, ओट्याच्या कोपऱ्यात गव्हाणीसाठी गवत आणून ठेवलं होतं. अंकलनी खोका पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, “आता माझा इलाज नाही, अंकल. आजच जा आणि भेटून या.”

“नाताळ आठवड्यावर तर आलाय,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

नेल्सन खेळत होता. थोड्याच वेळात पंखा अडखळला, पंप घुरघुरला, स्क्रीन काळी झाली. नेल्सन करवादला, “बघ, बघ, लाव आता लवकर.” मी म्हटलं, “थांब. दुसरी बारी होऊ दे, मग निवांत उघडतो.” खरं म्हणजे म्हाताऱ्याला ती शेवटची दुसरी बारी मिळावी असं मला वाटलं होतं.

पंप थांबला. मशीन पुन्हा सुरू झालं, नेल्सनचा गेम रंगला. तो जिंकत होता. इतका वेळ सलग खेळायला त्याला कधी मिळालंच नव्हतं.

“झाली दुसरी?” अंकलनी विचारलं.

“नाही, डॅडी.”

आंटी ताटं मांडू लागली. अंकलनी पुन्हा विचारलं. नेल्सन पडद्यावरची नजर न काढता हसून म्हणाला, “आज काका विसरले वाटतं. बरंच झालं.”

अंकल उठले. चपला न घालताच अंगणात गेले आणि दोन्ही हातांनी पत्रा बडवायला लागले. “इनास! ए इनास!”

मी धावत बाहेर गेलो. त्यांनी पत्र्याला कान लावला होता. मग आठवण झाल्यासारखं त्यांनी खिशातून यंत्र काढलं. घाईत ते कानात बसेना. ते बसवून त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा कान लावला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “काय बोलला तो? तुला ऐकू आलं?”

माझे कान चांगले आहेत. पलीकडे केळीची सुकी पानं वाजत होती, बाकी काही नव्हतं.

“नाही, अंकल.”

“नीट ऐक ना रे,” ते म्हणाले. “तो हळू बोलतो. पहिल्यापासून हळूच बोलतो.”

नेल्सन पत्र्यावर चढून पलीकडे उतरला. मी पत्र्याच्या खालच्या कडेला लाथा घातल्या, गंजलेले खिळे होते, पत्रा आडवा झाला. इतक्या वर्षांची भिंत, पण तिला पाडायला दोन माणसंही लागली नाहीत.

इनास पाइपाच्या झडपेपाशी कुशीवर पडला होता. त्याच्या केळींच्या आळ्यात पहिल्या बारीचं पाणी अजून मुरत होतं. झडप त्याने पुरती फिरवली होती, धाकट्या भावाच्या बाजूला. तेवढं करून तो पंपाकडे परत निघाला असणार. डॉक्टर आले, पण ते काय सांगणार ते आम्हाला आधीच कळलं होतं.

व्हिक्टर अंकल चिखलात बसले. भावाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “लुगडंच नेसवायचं होतं, इनास. तुझं बरोबर होतं.” मग इतक्या वर्षांच्या बहिरेपणाच्या सवयीने त्यांनी आपला कान त्याच्या तोंडाशी नेला आणि ते तसेच थांबून राहिले. मला रडू आवरलं नाही. माझं ना नातं ना गोतं, पण मी पंपाच्या खोलीमागे जाऊन लहान पोरासारखा रडलो.

मातीच्या दिवशी मी गेलो होतो. हेलन कुवेतहून आली होती, बरोबर नवा कोरा सूट घेऊन. “पप्पांना हा घालू या, काका. फादर येतील, माझ्या सासरची माणसं येतील.”

“सूट नको, बाय,” अंकल म्हणाले. “त्याने लग्नात घातला तो शेवटचा. त्यातही तो अवघडला होता. त्याचा वाडीतला सदरा नि पट्ट्यांचा लेंगा धुवून आण.”

“पेटीत? लेंगा?” हेलन रडत रडतच म्हणाली. “लोक काय म्हणतील, काका?”

अंकलनी तिच्याकडे पाहिलं. “मी पण हेच म्हटलं होतं गो,” ते म्हणाले, आणि तिला जवळ घेतलं.

सदरा त्यांनी स्वतः भावाला घातला, बटणं स्वतः लावली. कोपरावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते काही केल्या निघत नाहीत, ते तसेच राहिले. लोक आले, पाया पडून, फुलं वाहून गेले. कुणी काही म्हटलं नाही. म्हणणारं कुणी नसतंच बहुतेक.

जानेवारीत मी यूपीएसचा विषय संपवायला गेलो. खोका तसाच बंद पडून होता. स्पर्धा होऊन गेली होती, नेल्सन गेलाच नव्हता. पत्रा विहिरीच्या कडेला आडवा टाकलेला होता. नेल्सन मशीनपाशी होता, त्याच्या मागची आरामखुर्ची रिकामी होती.

मी खोक्याची पट्टी फाडायला लागलो तेवढ्यात पंखा अडखळला आणि स्क्रीन काळी झाली. मी नेल्सनच्या ओरडण्याची वाट पाहिली. तो ओरडला नाही. त्याने की-बोर्डवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

“इनासची झाली,” आतून आंटीचा आवाज आला.

खिडकीतून बाग दिसत होती. अंकल वाकून भावाच्या केळींच्या आळ्यांत पाणी वळवत होते. एकटेच होते, पाय चिखलात, कानात यंत्र नव्हतं, कुणी हाक मारली असती तरी त्यांना कळलं नसतं.

“लावू ना मग?” मी खोक्यावर हात ठेवून विचारलं.

“नको, जितेशदादा,” नेल्सन म्हणाला. “डॅडी तिकडे एकटेच असतात.”

मशीन पुन्हा सुरू झालं होतं, गेमचं चित्र पडद्यावर येऊन उभं होतं. नेल्सनने त्याला हात लावला नाही. मीही स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलो, आणि आम्ही दोघं दुसऱ्या बारीची वाट बघत राहिलो.